ॲक्सलच्या पोटातलं

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. अंधेरीच्या एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे, तिथे मी क्वालिटीत आहे. समोर आलेला प्रत्येक भाग खोटा आहे असं धरून चालायचं, खरा असेल तर त्याने तसं सिद्ध करावं. हिरवं लेबल म्हणजे पास, लाल म्हणजे नापास, आणि कळतच नसेल तर पिवळं. पिवळं म्हणजे होल्ड. बाजूला ठेवा, पुन्हा बघू. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस वांगीसुद्धा उलटीसुलटी करूनच घेतो. नवरा म्हणतो, लग्नात माझ्या गळ्यात हार घालायच्या आधी तू तोसुद्धा तपासला असशील. तपासला होता. एका बाजूची गाठ कच्ची होती.

हा नवरा सोमवार ते शुक्रवार इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात बसतो आणि शनिवार-रविवार गाडीखाली झोपतो. गाडी म्हणजे बोरिवलीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतलेली जुनी सेडान, मागच्या चाकांवर चालणारी. वर्षातून एकदा तो ती ट्रेलरवर चढवून कोइम्बतूरच्या बाजूला नेतो. तिथल्या ट्रॅकवर जुन्या गाड्यांची रेस असते, तीत पळवतो आणि बहुतेक वेळा मधल्यामधे कुठेतरी नंबर येऊन परत येतो. त्याचा शाळेपासूनचा मित्र त्याच्या जोडीला असतो. मी त्यांना भावोजी म्हणते. घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा गाळा आहे, दोन लेथ, एक वेल्डिंग मशीन, आणि कोपऱ्यात आमची ही दुसरी सून. सून हा शब्द माझा नाही, सासूबाईंचा. पहिलीपेक्षा दुसरीवर जास्त लक्ष असतं असं त्या म्हणतात, आणि ते खोटं नाही.

गेल्या वर्षीच्या रेसला मी गेले नव्हते. फोन आला तो भावोजींचा. मागचं डावं चाक वळणावर निघालं, गाडी गिरक्या घेत गवतात गेली, पण काही लागलेलं नाही वहिनी, एकदम ठणठणीत आहे. मग नवऱ्याने फोन घेतला आणि हसत म्हणाला, "अगं, चाक माझ्या पुढे निघून गेलं. ओव्हरटेक केलं मला." मीही हसले. ठणठणीत आहे म्हटल्यावर माझं डोकं पुढच्या गोष्टीकडे वळलं: चाक निघालंच कसं?

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. अशा जुन्या गाडीत मागे दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी पोट असतं. त्यात मोठं दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारं छोटं चक्र, क्राऊन आणि पिनियन. तिथून दोन्हीकडे एकेक जाड दांडा चाकापर्यंत जातो. आमच्या गाडीत चाक त्या दांड्यावरच धरलेलं असतं. दांडा तुटला की चाक त्याच्या तुकड्यासकट बाहेर चालतं. तुटलेला दांडा नवऱ्याने आणला, मी तो पिशवीत घालून कंपनीत नेला आणि भिंगाखाली धरला. तुटलेल्या तोंडावर एकात एक बारीक रेघा होत्या, झाडाच्या बुंध्यावर असतात तशा. घरी येऊन मी ऐटीत सांगितलं, "हा एकदम तुटलेला नाही. आतून थोडा थोडा करत कधीपासून चिरत होता. बाहेरून कळलं नाही इतकंच." नवरा तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बसला होता. मला वाटलं, रेघा बघतोय.

तेव्हाच ठरलं, मागचा ॲक्सल, म्हणजे ते पोट आणि दांडे, पुरा मजबूत करायचा. भावोजींनी चांगल्या पोलादाचे जाडे दांडे कातले, भट्टीत कडक करून आणले. पोटाच्या खालून पट्टी वेल्ड केली, म्हणजे वळणावर ते वाकणार नाही. आत दोन चाकांत जोर वाटणारं डिफरेन्शियलही बदललं. साध्या डिफरेन्शियलमध्ये वळणावर आतलं चाक हलकं झालं की सगळा जोर त्याच्याकडेच पळतो आणि ते नुसतं भिरभिरतं. नव्यात घट्ट दाबलेल्या चकत्या असतात, त्या दोन्ही चाकांना कामाला लावतात. ही कामं होत असताना मी दर शनिवारी गाळ्यात हजर. दांडा भट्टीतून आल्यावर मी कानस लावून पाहिली. कडक लोखंडावर कानस घसरते, मऊ असेल तर चावते. घसरली. भावोजी हात पुसत म्हणाले, "वहिनी, माझं काम आहे हे." मी म्हटलं, "म्हणूनच बघतेय." तेव्हा ते हसले होते.

मग त्यांचं हसणं बंद झालं, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आधी माझ्याकडे बघून बोलायचे, आता बोल्टकडे बघून बोलायला लागले. मी आत शिरले की दोघांचं बोलणं तुटायचं. एकदा मी चहाचे ग्लास घेऊन दारात होते तेव्हा ते नवऱ्याला म्हणत होते, "ऐक ना माझं, यंदा मी चालवतो." मला बघून लगेच म्हणाले, "जॅक देतोस का जरा?" जॅक त्यांच्या पायाशीच होता. आता तुम्हीच सांगा, क्वालिटीतल्या बाईने यातून काय समजायचं? इतकी वर्षं गाडी दुरुस्त करायची यांनी आणि हेल्मेट घालून मिरवायचं दुसऱ्याने. कोणालाही वाटेल, आपणही एकदा बसावं. वाटायला माझी हरकत नव्हती. पण मग ते तोंडावर सांगावं ना, जॅकच्या आड कशाला लपायचं?

रात्री जेवताना मी नवऱ्याला विचारलं, "भावोजींना चालवायचीय का गाडी?"

"नाही गं. गंमत करतो तो."

"मला नाही वाटली गंमत."

"तुला कधी वाटलीय?" असं म्हणून त्याने आमटी वाढून घेतली. आधीच वाढलेली होती, ताटाबाहेर गेली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, आमटीमुळे.

ज्या शनिवारी ॲक्सलचं झाकण बंद केलं, नेमकं त्या दिवशी आमच्या कंपनीत ऑडिट होतं. मी सोडून सगळे गाळ्यात, सासूबाईसुद्धा. आदल्या संध्याकाळी उघडं पोट भावोजींच्या एकट्याच्या ताब्यात होतं, हेही मी लक्षात ठेवलं होतं. कशासाठी ठेवलं होतं ते तेव्हा सांगता आलं नसतं. सवय.

रविवारी सकाळी गाडी पहिल्यांदा बाहेर काढली. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, आणि नवी चक्रं एकमेकांत बसावीत म्हणून घाटकोपरहून मुलुंड चेकनाक्यापर्यंत सावकाश नेऊन आणली. नवरा चालवत होता, मी शेजारी. परत येताना विक्रोळीच्या आसपास मागून आवाज आला. टक्. जरा वेळाने पुन्हा टक्.

"ऐकलंस?"

"नवीन आहे, होतो आवाज," नवरा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. गाडीला एसी नाही, म्हणून मी त्या घामाचा काही विचार केला नाही.

गाळ्यात आल्यावर मी म्हटलं, ऑइल काढा. भावोजी म्हणाले, एवढ्यात कशाला? मी म्हटलं, काढा. गिअर ऑइलला सडक्या अंड्यासारखा वास येतो, त्यात गरम असलं की विचारू नका. ट्रेमध्ये ते पडलं आणि मी लोहचुंबक फिरवलं. थोडा लोखंडाचा भुगा चिकटला. तेवढा चालतो, नव्या चक्रांचा निघतोच. पण तळाशी लालसर चकाकणारे बारीक तुकडे होते आणि चुंबकाने ते हलेनात.

"हे काय?"

"तांब्याच्या वॉशरचं असेल, वहिनी. सुरुवातीला झिजतं."

"वॉशर तुम्ही लोखंडाचे घातलेत. माझ्यासमोर."

भावोजी चिंधीने हात पुसायला लागले. मी ते ऑइल मुरांब्याच्या रिकाम्या बरणीत भरलं आणि दुसऱ्या दिवशी कंपनीत भिंगाखाली बघितलं. तांबं होतं, यात शंका नाही. पण त्याच्यासोबत पोलादाची एक धारदार कपची होती, ताज्या मोडीची. म्हणजे आत कुठेतरी चक्राचा दात उडाला होता. दुसरा दात उडून मधे अडकला तर मागची दोन्ही चाकं जागच्या जागी जाम होतात. सरळ रस्त्यावर सावकाश जाताना झालं तर माणूस शिव्या देऊन उतरतो. ट्रॅकवर, वळणात, पूर्ण वेगात झालं तर काय होतं याचा विचार मी त्या टेबलावर बसून केला. या पोटात तांब्याचं काही नव्हतं. म्हणजे कोणीतरी ते घातलं होतं. झाकण उघडं असताना तिथे कोण होतं हे मला पाठ होतं.

साहेबांना सांगून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि तडक घाटकोपर गाठलं. नवऱ्यालाही तिथेच बोलावून घेतलं. डोक्यात तिडीक गेली होती. रिक्षात मी भावोजींना सुनवायची वाक्यं जुळवत होते, एकेक चांगली धार लावून. शाळेपासूनचा मित्र. माझ्या घरी गणपतीला पहिली आरती म्हणणारा माणूस.

गाळ्यात पाय ठेवल्या ठेवल्या म्हटलं, "भावोजी, झाकण उघडा. माझ्यासमोर."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. मी काही बोलायची गरजच नव्हती. "उघडतो," एवढंच म्हणाले. पाना घेतला आणि एकेक बोल्ट सोडवायला लागले. एकदाही वर बघितलं नाही. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं.

झाकण निघालं. क्राऊनचा एक दात कोपऱ्यावर उडालेला होता, शेजारच्यावर चरा. आणि पिनियनच्या मागे, काळ्या दोऱ्याच्या गुंत्यात, चेपून पत्र्यासारखी झालेली तांब्याची नळी. मी ती चिमट्याने काढली, पुसली आणि ओळखली. ताईत. आमच्या सासूबाईंच्या गावच्या देवळात गुरवाकडून मिळतो तसा. माझ्या लेकीच्या दंडावर लहानपणी असाच बांधला होता.

भावोजींनी ताईत पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. नवरा गाडीच्या टायरकडे बघत होता.

"आई," मी म्हटलं. "आईंचं काम हे. लिंबू झालं, नारळ झाला, तेवढ्याने भागलं नाही. शनिवारी मी नव्हते तेव्हा आल्या होत्या ना गाळ्यात, तेव्हाच टाकला असणार. माझा नवरा मरणार होता यांच्या भक्तीपायी."

नवरा टायरकडेच बघत राहिला. आईची बाजू घ्यायला हा माणूस कधी मागे राहत नाही, माझ्याशीसुद्धा भांडतो. आज गप्प. पण मला तेव्हा ते टोचलं नाही. माझा चोर बदलला होता आणि मी त्याच्या मागे निघाले होते.

कांदिवलीला घरी आले तर सासूबाई स्वयंपाकघरात खाली बसून कोलंबी सोलत होत्या. मी ताईत त्यांच्यासमोर लादीवर ठेवला.

"हे काय आहे, आई?"

त्यांनी पाहिलं. बोटं थांबली. घाबरल्या नाहीत, मला जास्त राग आला तो त्याचाच.

"गाडीच्या आत टाकलात तुम्ही हे. दात उडाला आतला. चाकं जाम झाली असती आणि तुमचा मुलगा..."

"माका काय इचारतंस?" त्या म्हणाल्या. आवाज शांत. "तुझ्या घोवाक इचार. तेणांच मागून घेतल्यान. माका म्हणालो, आये, तिका सांगू नको."

आणि पुन्हा कोलंबी सोलायला लागल्या. जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या, "झील भियालो हा माझो. तुका दिसाक नाय?"

मुलगा भ्यालाय म्हणे, आणि मला दिसलं नाही. नवरा माझ्या मागोमाग आला होता, दारात चपला काढत होता. देवळाबाहेरही हा चपला काढताना कुरकुरतो. गावी गेलो की देवाला गाऱ्हाणं घालताना याला फोन येतो. हा माणूस ताईत मागतो?

गॅलरीत गेलो. त्याने आधी मला तंत्र समजावून सांगायला सुरुवात केली. असा आहे तो. म्हणाला, नुसता टाकला नव्हता गं, कोपऱ्यात झाकण घट्ट बसवायच्या, गॅसकेटच्या लेपाने चिकटवला होता, वर दोऱ्याने बांधला होता. भावोजी चहा सांगायला बाहेर गेले तेवढ्यात. लेप गरम ऑइलने सुटेल असं वाटलं नव्हतं.

"पण आत कशाला? आरशाला लटकवायचास."

"रेसच्या आधी तपासणीवाले आतलं लटकतं सगळं काढायला लावतात." मग जरा थांबून म्हणाला, "आणि तुला दिसला असता. घर बांधताना पायात घालतात ना तांब्याचं नाणं, सुपारी, तसं. वाटलं, आत असला की बरं. कोणी बघणार नाही."

"मी बघते."

"माहितीय. म्हणून तर."

खाली सोसायटीत कोणाची तरी गाडी रिव्हर्स घेत होती, ती पीं पीं करत होती. तो कठड्याला धरून उभा होता आणि मला त्याची बोटं दिसली. पांढरी पडली होती, इतकं घट्ट धरलं होतं त्याने.

"मला वळणावर मागचं चाक जातंय असं वाटतं," तो म्हणाला. "ट्रॅकवर नाही फक्त. कुठेही. रिक्षात बसलो तरी. बसमध्ये. त्या दिवसापासून. कळतं मला की नवे दांडे आहेत, तू कानस लावून बघितलेत. ते डोक्याला कळतं. पोटाला नाही कळत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस ना, दांडा कसा तुटला, कुठून तुटला, आतून किती चिरला होता." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. "मला कोणी काही विचारलंच नाही गं. मीही मग हसून सोडून दिलं."

भावोजींना माहीत होतं. मधे एकदा दोघे दुसऱ्या कोणाची तरी गाडी घेऊन सरावाला गेले होते तेव्हा हा वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक दाबत होता आणि गाडीतून उतरल्यावर ओकला होता. वहिनीला सांगू नकोस अशी शपथ घातली होती याने. म्हणून ते माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हते, म्हणून यंदा मी चालवतो म्हणत होते. ताईताचं त्यांना माहीत नव्हतं. पण तो बाहेर निघाल्यावर त्यांना एका क्षणात कळलं, आणि मी शेजारी चिमटा धरून उभी राहून सासूवर केस चालवत होते.

संशय घेतला याचं मला वाईट वाटत नाही, हे स्पष्ट सांगते. घेतला नसता तर तो उडालेला दात घेऊन गाडी कोइम्बतूरला गेली असती. पण मी साप साप म्हणून सगळी भुई धोपटली. ज्याच्या ताटाबाहेर आमटी गेली तो माणूस रोज माझ्यासमोर जेवत होता, तिथे काठी नेली नाही. कानस लोखंडाला लावता येते, म्हणून मी लोखंडाला लावत बसले.

भावोजींना मी त्या रात्री फोन केला. काय बोलायचं ते कळेना, म्हणून म्हटलं, क्राऊन-पिनियनचा नवा जोड कधी मिळेल? ते म्हणाले, "मिळेल. या वेळी झाकण तुम्हीच लावा, वहिनी. माझा भरवसा नाही." आणि फोनमध्ये खदखदून हसले. बऱ्याच दिवसांनी.

नवी चक्रं बसवली ती तिघांनी मिळून. दातांना रंग लावून, फिरवून, ते एकमेकांना कुठे टेकतात ते पाहिलं. झाकणाचा प्रत्येक बोल्ट घट्ट झाला की मी त्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढत होते. कंपनीत तशीच ओढतात, बोल्ट पुढे हलला तर रेघ तुटलेली दिसते. शेवटची रेघ ओढून मी खालून बाहेर आले आणि नवऱ्याने विचारलं, "पास?"

"ॲक्सल पास."

"आणि मी?"

थट्टेत विचारलं होतं, निदान आवाज तसा काढला होता. भावोजी उगाचच पाने पुसायला लागले. मी त्याच्याकडे पाहिलं, जसं ते तुटकं तोंड भिंगाखाली पाहिलं होतं तसं, आणि जरा जास्तच वेळ. डोळ्यांखाली काळं. शर्टाची कॉलर सैल झालेली. केव्हा झालं हे सगळं?

"तू होल्ड," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. मला वाटलं होतं भांडेल. तो तिथेच टायरवर बसला आणि त्याने असा श्वास सोडला की मला रडू आलं. नापास केलं नाही, एवढंच कोणीतरी म्हणायला हवं होतं त्याला.

यंदा भावोजींनी चालवली. मधल्यामधे कुठेतरी नंबर आला. नवरा माझ्या शेजारी उभा होता, गाडी त्या वळणावर आली की माझा हात असा दाबायचा की बांगडी रुतत होती. मी सोडवून घेतला नाही. गाडी आत आल्यावर तो आधी मागच्या डाव्या चाकापाशी बसला, आणि मी गाडीकडे न जाता त्याच्यापाशी गेले.

पिवळं लेबल अजून आहे. रविवारी सकाळी आम्ही दोघंच गाडी काढतो, मुलुंडपर्यंत जातो, सावकाश. वळण आलं की तो खूप आधी वेग कमी करतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. वळण मागे पडलं की मी विचारते, "कसं वाटतंय?"

"मागून आवाज नाही काही," तो सांगतो.

"ॲक्सलचं नाही विचारलं मी."